पहिला ओरखडा पडला... (स्टीलची स्पोर्ट्स घड्याळं: गप्पा, तुलना, भांडणं)

तिसरा_काटा

मंडळी, काल रात्रीपासून डोकं ठिकाणावर नाही म्हणून हा धागा काढतोय. ट्यूडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट घेऊन अडीच महिने झाले. चार वर्षं नुसतं बघत होतो, मग घेतलं. लॅपटॉपवर बसायचं तर आधी काढून बाजूला, दाराची कडी लावायची तर उजव्या हाताने, असं सगळं चाललेलं. काल हौस आली की ब्रेसलेट काढून कापडी नाटो पट्टा लावून बघू. स्प्रिंगबारचं (म्हणजे पट्टा धरून ठेवणाऱ्या पिनचं) टूल घेतलं, एंड लिंक (ब्रेसलेटची घड्याळाला चिकटणारी शेवटची कडी) इतकी गच्च बसलेली की ढिम्म हलेना, मग जरा जोर लावला आणि सर्रकन टूल सटकलं. लगची (पट्टा अडकतो ती घड्याळाची शिंगं) वरची बाजू ब्रश केलेली असते, बाहेरची बाजू पॉलिश, आणि दोघांच्या मध्ये ती चकचकीत तिरकी कड असते ना, नेमकी तिच्यावर तीन मिलिमीटरची रेघ. नख फिरवलं तर अडकतं.

बायकोला दाखवलं तर म्हणाली कुठंय? बोट ठेवून दाखवलं तरी म्हणाली कुठंय.

तर पॉलिश करून घेऊ का तसंच राहू देऊ? आणि एकंदरीतच तुम्ही लोक ही महागडी स्टीलची घड्याळं घालता कशी, घालायला घेता की बघायला, सगळं बोला. कुणाचं ओदमार पिगेचं रॉयल ओक असेल, कुणाचं रोलेक्सचं सबमरिनर, कुणाचं टिसोचं पीआरएक्स, सगळे या.

लेटलतीफ

अभिनंदन! आता टेन्शन गेलं.

(हे वाक्य या धाग्यावर अजून किमान सहा जण टाकणार, म्हणून मी घाईने आधी टाकून घेतलं.)

चिमटा

लेटलतीफ +१, पण त्याला आत्ता ते ऐकायचं नाहीये.

तिसरा काटा, पुढच्या वेळी लगवर आतून-बाहेरून मास्किंग टेप लावून मगच टूल हातात घ्यायचं. घड्याळ उलटं करून मऊ कापडावर ठेवायचं आणि जोर लगच्या दिशेने लावायचाच नाही, स्प्रिंगबारच्या खाचेत टूल बसलं की पिन नुसती मध्याकडे सरकवायची. पिन सुटली तरी एंड लिंक दुसऱ्या बाजूला अडकून बसते आणि तिथेच माणूस जोर लावतो. दोन्ही बाजू थोड्या थोड्या सोडवत आणायच्या, एकदम एक बाजू ओढायची नाही. नव्या घड्याळात ही जोडणी फार घट्ट असते.

आणि एक, त्या रेघेवर ते चमकवायचं कापड घासायला जाऊ नकोस. मी हे एकदा केलंय. पॉलिश भागावर बरं दिसतं, पण कापड अर्धा मिलिमीटर जरी ब्रश केलेल्या बाजूला गेलं की तिथल्या रेषा पुसल्या जातात आणि मग एक तेलकट डाग असल्यासारखा पट्टा दिसत राहतो. ओरखडा लांबून दिसत नाही, हा पट्टा दिसतो.

जुनी_तबकडी

पॉलिश? अजिबात नको. माझी गोष्ट ऐक.

माझं एक जुनं डायव्हर (पाण्यात वापरायचं घड्याळ), वडिलांकडून आलेलं नाही, स्वतः शोधून घेतलेलं. लग जाडजूड, कडा अशा की बोट कापेल. घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडायला लागलं म्हणून सर्व्हिसला दिलं. फॉर्मवर 'पॉलिश करू नये' असं लिहायला विसरलो, तोंडी सांगितलं असं मला आठवतंय, त्यांना आठवत नव्हतं. तीन आठवड्यांनी परत आलं. वेळ एकदम चोख. आणि लग? वापरून वापरून साबणाची वडी होते ना, तसे. तिरकी कड गायब, भोकांच्या भोवती धातू पातळ झालेला, डावा आणि उजवा लग एकमेकांसारखे नाहीत. काउंटरवरचा माणूस मनापासून खूश होऊन म्हणाला, बघा नव्यासारखं केलंय. मला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

पॉलिश म्हणजे ओरखडा भरत नाहीत, ओरखड्याच्या तळापर्यंतचं आजूबाजूचं स्टील काढून टाकतात. दर वेळी थोडं थोडं. जुन्या घड्याळांच्या बाजारात 'अनपॉलिश्ड' शब्दाला एवढा भाव उगाच नाही. लेझर वेल्डिंगने धातू भरून कड परत उभी करणारे कारागीर आहेत, पण ते काम फार थोड्यांना जमतं.

तुझी रेघ राहू दे. ब्रेसलेट निघालंच आहे तर फोटो टाक.

तिसरा_काटा

@जुनी_तबकडी, वाचून पोटात गोळा आला. फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहीन, अंगठाही देईन.

पण मला एक कळत नाही, स्टील स्टील म्हणतात तर एवढ्या पटकन ओरखडा कसा पडतो? काच तर ठणठणीत आहे.

काटकोन

कारण काच स्टीलपेक्षा कितीतरी कठीण आहे. नीलम काच म्हणजे सफायर, मोह्‌सच्या मापावर ९. घड्याळाचं ३१६एल स्टील विकर्सच्या (कठीणपणाच्याच दुसऱ्या) मापाने साधारण २०० च्या आसपास, सफायर २००० च्या आसपास. हवेतल्या धुळीत जे वाळूचे कण असतात ना, क्वार्ट्झचे, तेसुद्धा स्टीलपेक्षा कडक. म्हणजे तू शर्टाच्या बाहीने घड्याळ पुसतोस तेव्हा बाहीवरची धूळ बारीक रेघा मारतच असते. क्लास्पची (ब्रेसलेट बंद करायच्या कुलपाची) बाजू लॅपटॉपवर घासून खराब होते त्याचंही तेच, ॲल्युमिनियम मऊ पण त्यावरचा ॲनोडाइज्ड थर कडक.

आता कुणीतरी येऊन ९०४एल हे दुसरं स्टील सांगेल म्हणून आधीच सांगतो. रोलेक्सने ९०४एल १९८५ पासून वापरायला घेतलं, त्यात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम जास्त आणि थोडं तांबं, त्यामुळे आम्लाला आणि खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं आणि पॉलिश छान घेतं. पण ओरखड्याला ते काही खास वेगळं नाही. ओरखडे नको असतील तर झिनसारख्या जर्मन कंपन्या पृष्ठभागच कडक करून देतात, १२०० विकर्सपर्यंत. गंमत म्हणजे तशा घड्याळावर कधी जोरात आपटून खोक पडलीच तर ती पॉलिश करून नीट घालवताही येत नाही.

जाता जाता, 'झिन' असं म्हणतात, 'सिन' नाही. हघ्या (हलकेच घ्या).

राजेशाही_ओक

बाकी सगळं ठीक, पण 'स्टील स्पोर्ट्स घड्याळ' म्हणायचं आणि डायव्हरबद्दल बोलायचं हे मला पटत नाही. सबमरिनर १९५३ चं, ओमेगाचं स्पीडमास्टर १९५७ चं, ती अवजारं होती. स्टील वापरलं कारण ते स्वस्त आणि दणकट. खरी गोष्ट सुरू होते १९७२ ला, बाझेलच्या प्रदर्शनात ओदमार पिगेने रॉयल ओक मांडलं तेव्हा. ३९ मिलिमीटर म्हणजे त्या काळात परात, अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडी), वर आठ षटकोनी स्क्रू उघडे टाकलेले, आणि किंमत सोन्याच्या घड्याळांना लाजवेल अशी. स्टीलला! लोक हसले.

त्याचा डिझायनर जेराल्ड जेंता स्वतः सांगायचा की संध्याकाळी फोन आला आणि सकाळपर्यंत चित्र हवं होतं. कल्पना जुन्या पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून, ते बोल्ट लावून बंद करतात ना तसं. आणि सुरुवातीचे नमुने पांढऱ्या सोन्यात केले होते कारण त्या आकारात सोनं घडवणं स्टीलपेक्षा सोपं! यावरून कळा की पैसा धातूचा नव्हता, हातांचा होता.

ते स्क्रू नीट बघा कधी. सगळ्यांच्या खाचा वर्तुळाच्या रेषेत. कारण ते फिरतच नाहीत, षटकोनी डोकं षटकोनी खळग्यात बसलंय, पिळायचं काम मागच्या बाजूने होतं. मला हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास नुसता बघत होतो.

स्क्रूढिला

> पैसा धातूचा नव्हता, हातांचा होता

वा! पण साहेब तुमच्या हाताला रॉयल ओक आहे की नुसतं आयडीला? (हघ्या, जोक्स अपार्ट.)

राजेशाही_ओक

आयडीला. मित्राचं आहे, वर्षातून एकदा दहा मिनिटं घालायला देतो, समोर बसून राहतो.

जुनी_तबकडी

राजेशाही ओक, तुमच्या त्या पंथाची एक मजा सांगतो जी मला सगळ्यात आवडते. रॉयल ओक १९७२, पाटेकचं नॉटिलस १९७६, व्हाशेरॉनचं २२२ १९७७. तीन घराणी, एकमेकांशी स्पर्धा. पहिली दोन जेंताची, तिसरं यॉर्ग हिसेकचं, बरेच लोक तेही जेंताच्या नावावर खपवतात. आणि तिघांच्या पोटात यंत्र मुळात एकच! जेजर-लकूल्त्रचं ९२०, १९६७ चं, तारखेसकट ३.०५ मिलिमीटर जाड, पूर्ण आकाराचा रोटर (हात हलला की फिरून चावी देणारा भाग) असून. प्रत्येकाने आपापल्या परीने घासून-पुसून आपला नंबर दिला. आणि ज्या जेजरने ते बनवलं त्यांनी स्वतःच्या घड्याळात ते कधी घातलंच नाही.

रॉयल ओक जंबोमध्ये तर ते पन्नास वर्षं टिकलं, २०२२ ला १६२०२ हे मॉडेल आलं तेव्हा कुठे नवीन ७१२१ यंत्र बसवलं.

तेव्हा 'इनहाउस मूव्हमेंट नाही', म्हणजे यंत्र कंपनीने स्वतः बनवलेलं नाही म्हणून कुणी नाक मुरडलं की मी ही गोष्ट काढतो.

बारीक_मनगट

मी पण लिहिते, कारण इथे सगळे आठ इंची मनगटाचे पुरुष दिसतायत. माझं मनगट १५ सेंटीमीटर. दुकानात गेलं की पहिलं वाक्य, मॅडम लेडीज कलेक्शन इकडे आहे. मला हिरेबिरे नको आहेत हो, मला क्राऊन (चावी) स्क्रू करता येणारं, पाण्यात चालणारं, नीट वजनाचं घड्याळ हवंय.

चार वर्षांत शिकलेली एक गोष्ट, व्यास बघूच नका, लग-टू-लग बघा, म्हणजे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं की घड्याळ पुलासारखं उभं राहतं. आणि हे जोडलेल्या ब्रेसलेटवाले, रॉयल ओक, पीआरएक्स वगैरे, यांचा आकडा फसवा असतो कारण पहिली कडी फार वाकत नाही, ती केससारखीच (घड्याळाच्या डबीसारखी) ताठ बाहेर येते. चाळीसचं पीआरएक्स माझ्यावर बांगडी अडकवल्यासारखं दिसत होतं, पस्तीसचं एकदम चपखल. शेवटी मी रोलेक्सचं छत्तीसचं एक्सप्लोरर घेतलं, २०२१ ला ते परत छत्तीसवर आलं तेव्हा. त्याआधी अकरा वर्षं एकोणचाळीसचं करून ठेवलं होतं. धागाकर्त्यांसारखं काही हवं असणाऱ्या पण माझ्यासारखं मनगट असणाऱ्यांनी ब्लॅक बे फिफ्टी-फोर बघा, ३७ मिलिमीटर.

आणि हो, ते केस. घड्याळाच्या केसबद्दल नाही बोलत, हाताचे केस. स्वस्त ब्रेसलेटमध्ये कड्यांच्या फटीत अडकून उपटले जातात तेव्हा ब्रह्मांड आठवतं. चांगल्या ब्रेसलेटची माझी परीक्षा हीच आहे, दिवसभरात एकदाही 'आई गं' म्हणायला लागलं नाही पाहिजे.

चिमटा

बारीक मनगट यांना हजारदा +१. केसवरचा केस वाचून कॉफी कीबोर्डवर.

मी तर म्हणतो या सगळ्या प्रकारात निम्मं घड्याळ म्हणजे ब्रेसलेट आणि निम्मं ब्रेसलेट म्हणजे क्लास्प. डायल आपण दिवसातून वीस वेळा बघतो, क्लास्प सोळा तास टोचतो. मनगट सकाळी बारीक असतं, दुपारी उन्हात फुगतं, जिना चढलं की फुगतं. सबमरिनरचा ग्लाइडलॉक घ्या, दोन दोन मिलिमीटरच्या खाचा, एकूण साधारण वीस मिलिमीटर, टूल नको काही नको, हातातल्या हातात सैल. एकदा याची सवय लागली की बाकीची बांधलेल्या बेडीसारखी वाटतात. आणि नेमकी सगळ्यात भारी जोडलेल्या ब्रेसलेटची घड्याळं, नॉटिलस ५७११ घ्या, फुलपाखरी क्लास्प, दिसायला सुंदर, दोन्ही बाजूंनी मिटतो, पण बारीक ॲडजस्टमेंट शून्य. कडी काढली तर घट्ट, ठेवली तर घड्याळ गोल फिरून मनगटाखाली.

तिसरा काटा, तुझ्या फिफ्टी-एटला टी-फिट (टूलशिवाय सैल-घट्ट होणारा) क्लास्प नसणार जर जुन्या बॅचचं असेल तर. तिथे बाजूला छोटी भोकं आहेत बघ, टूथपिकने स्प्रिंगबार दाबून पुढच्या भोकात टाक. टूथपिक! धातूचं टूल नाही!!

तिसरा_काटा

टूथपिक. समजलं. धातूचं टूल आमच्याकडे कपाटाच्या वरच्या खणात गेलंय, बायकोने ठेवलंय, किल्ली तिच्याकडे.

तिजोरी

सगळ्यांचं वाचलं. कटू बोलतो, राग मानू नका. ज्याला पुढे विकायचं आहे त्याने ही घड्याळं घालूच नयेत. डबा, कागद, टॅग, प्लास्टिकची फिल्म, सगळं जसंच्या तसं. ५७११ बंद झालं २०२१ ला, लोक घालून फिरत होते आणि ज्यांनी कपाटात ठेवलं ते हसत होते.

स्क्रूढिला

आणि २०२२ नंतर भाव उतरले तेव्हा कपाटात कोण हसत होतं?

काटकोन

तिजोरी, तुमचा मुद्दा मी समजू शकतो, पण फिल्म लावून ठेवलेलं घड्याळ म्हणजे आत काळ थांबला असं नाही ना. रबराच्या गॅस्केटी पडून पडूनही कडक होतात, तेल जागच्या जागी म्हातारं होतं. दहा वर्षांनी तुम्ही ते काढाल तेव्हा बाहेरून नवं आणि आतून सर्व्हिस मागणारं असेल. मग सर्व्हिसला फिल्म काढावी लागणारच.

जुनी_तबकडी

मला तिजोरींच्या म्हणण्यात चूक काही दिसत नाही, छंद वेगळा आहे एवढंच. त्यांचा छंद डबे जमवण्याचा. मलाही डबे आवडतात.

पण एक विरोधाभास सांगा, लिलावात सगळ्यात गाजलेलं स्टीलचं घड्याळ कुठलं, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना, २०१७ ला १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलेलं. त्याच्या पाठीवर बायकोने कोरून घेतलेलं होतं, जपून गाडी चालव अशा अर्थाचं. माणसाने घातलं, मग मुलीच्या मित्राला देऊन टाकलं, त्यानेही घातलं. फिल्म कुठेच नाही.

तिजोरी

पॉल न्यूमन व्हा मग, मी कुठे नाही म्हणतोय.

लेटलतीफ

😂 हा प्रतिसाद फ्रेम करा.

सेकंदाचा_हिशोब

विषय थोडा वळवतो. कुणी वेळेबद्दल बोलतच नाहीये, घड्याळ आहे ना ते? तिसरा काटा, तुझं रोज किती पुढेमागे जातं? ट्यूडरचं हे यंत्र सीओएससी (स्विस चाचणी संस्था) प्रमाणित आहे म्हणजे सुट्ट्या यंत्राची १५ दिवस, ५ स्थितींत, ३ तापमानांत परीक्षा झालेली, सरासरी -४ ते +६ सेकंद. रोलेक्स पूर्ण घड्याळाला ±२ म्हणतं. ग्रँड सेकोचं स्प्रिंग ड्राइव्ह दिवसाला ±१. आणि ज्या क्वार्ट्झला इथे सगळे तुच्छ मानतात त्या ग्रँड सेकोच्या ९एफला वर्षाला ±१० सेकंद. वर्षाला! मी तेच घालतो, जड स्टीलचं, झाराट्सू पॉलिशच्या आरशासारख्या कडा, सेकंद काटा प्रत्येक खुणेवर बरोब्बर आदळतो. त्यातल्या त्यात ओरखडा पडला की आरशावर पडल्यासारखा दिसतो हा एक त्रास.

तिसरा_काटा

पहिले दोन महिने रोज +३ होतं, वहीत लिहून ठेवलंय (हो, वही आहे). गेल्या आठवड्यापासून अचानक +१९, +२२ वगैरे. म्हटलं टूल सटकलं त्याचा धक्का बसला असेल, पण ते तर काल झालं.

सेकंदाचा_हिशोब

फोनला नवीन कव्हर घेतलंस का, चुंबकवालं?

तिसरा_काटा

...हो. पाकिटासारखं बंद होतं ते. रात्री घड्याळ त्याच्यावरच ठेवतो, मऊ आहे म्हणून.

सेकंदाचा_हिशोब

मग सापडलं. केसासारखी बारीक स्प्रिंग असते तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते, घड्याळ पळायला लागतं. तुझ्या यंत्रात सिलिकॉनची स्प्रिंग आहे म्हणून ती स्वतः चुंबकाला भीक घालत नाही, पण आजूबाजूला स्टीलचे भाग असतातच की. फोनमधलं होकायंत्र उघडून (कव्हर काढून!) त्याच्याजवळ घड्याळ फिरव, सुई नाचली तर चुंबक लागलंय. डीमॅग्नेटायझर म्हणून छोटी निळी डबी मिळते, बटण दाबून घड्याळ हळू वर उचलायचं, पाच सेकंदांचं काम. आधी हे कर, लगेच सर्व्हिसला पळू नकोस.

बारीक_मनगट

नाहीतर ते पॉलिश करून देतील.

तिसरा_काटा

तीन आठवड्यांनी अपडेट, धागा वर काढतोय.

सुई नाचली. डबी मागवली, आता परत +३, कधी +२. कव्हर मुलाला दिलं. नाटो लावून आठवडा घातला, छान वाटतो पण घड्याळ अजून उंच बसतं, ब्रेसलेट परत लावलं. टेप लावून, उलटं ठेवून, चिमटाने सांगितलं तसं, वीस मिनिटं लागली आणि घाम आला. टूथपिकने एक भोक सैल केलं, दुपारी मनगट श्वास घेतं आता. लॅपटॉपवर काढून ठेवणं बंद. पोहायला घेऊन गेलो, नंतर साध्या पाण्याने धुतलं.

आणि काल रात्री फोटो काढायचा म्हणून भिंग घेऊन ती रेघ शोधायला बसलो, जुनी तबकडींनी मागितला होता ना. सापडेचना. लगच्या त्या कडेवर आता अजून चार-पाच बारीक रेघा आहेत, त्यातली टूलवाली कुठली ते ओळखू येत नाही. बायको म्हणाली मला विचार, मला माहितीये कुठंय.

स्क्रूढिला

मस्त. ब्रेसलेट काढ-घाल केलंस तर कड्यांचे स्क्रू तपासलेस का? माझा एक कधी अर्धा बाहेर आला कळलंच नव्हतं, आयडी त्यावरूनच आहे. निळा लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावतात, लाल नाही, लाल लावला तर ती कडी जन्मात सुटणार नाही.

तिसरा_काटा

थांब बघतो.

तिसरा_काटा

एक ढिला होता. स्क्रूड्रायव्हर मागायला गेलोय, किल्ली शोधतेय ती.